चाकांवरचं घर गळतंय!

कॅरॅव्हॅन म्हणजे खिडकीबाहेर धुकं आणि हातात कॉफीचा मग... निदान फोटोत तरी! ती सेकंडहॅण्ड असेल आणि मुळशीत उभी असेल, तर हातात आधी येते ती सीलंटची गन.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ सेव्ह केलेला असतोच. मागे डोंगर, पुढे तळं आणि मध्ये एक गोंडस पांढरी कॅरॅव्हॅन. दार उघडतं. आत लाकडी शेल्फ, पिवळे दिवे, पांढरीशुभ्र चादर. 'बास, सोडूया ही नोकरी!' असं आपण शेजारच्या क्यूबिकलला सांगतो आणि परत एक्सेल शीट उघडतो.

माझ्या एका मित्रानं आणि त्याच्या बायकोनं ती शीट थोडा वेळ बंद केली. नोकऱ्या सोडल्या नाहीत (हप्ते कोण भरणार?), पण फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी जमवलेल्या पैशांतला चांगलाच मोठा घास काढून एक सेकंडहॅण्ड ट्रेलर विकत घेतला. म्हणजे स्वतःचं इंजीन नसलेली, गाडीच्या मागे जोडून ओढायची कॅरॅव्हॅन. लोखंडी चौकट, बाहेरून फायबर, आतून प्लायवूड, खाली दोन चाकं. पौडच्या पुढे नातेवाइकांच्या शेतात ती उभी असते. तिचं लाडाचं नाव 'खोकं'. नाव एकदम फिट्ट आहे.

एप्रिल-मे महिन्यांतले बरेचसे रविवार मी या खोक्यात घालवले. गेले होते लेखासाठी, पण दुसऱ्याच रविवारी हातात पॉलिश पेपर आला. घाई होती, कारण डेडलाइन बॉसनं दिलेली नव्हती, पावसानं दिली होती. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो. मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणी घाटात जुलै २०२४मध्ये एकाच दिवसात साडेपाचशे मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. म्हणजे आपण शहरात चार महिने छत्री घेऊन फिरतो, त्यातला बराचसा हिशोब तिथे चोवीस तासांत मिटतो! अशा ठिकाणी गळकं छप्पर घेऊन उभं राहायचं म्हणजे डाउन पेमेंट पाण्यात. अगदी शब्दशः.

पाणी घुसतं एकीकडे, निघतं दुसरीकडे

मालकीणबाईंच्या यादीत सुरुवातीला पडदे, फेअरी लाइट्स आणि घडीचं टेबल होतं. पिरंगुटहून आलेल्या वेल्डरमामांनी आत पाय ठेवला, पलंगाच्या कोपऱ्यातल्या प्लायवर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. बिस्कीट चहात बुडवल्यावर होतं तसं. यादी तिथल्या तिथे बदलली.

जुन्या ट्रेलरच्या दुरुस्तीची सुरुवात इथूनच होते. एक साधा टोचा घ्यायचा आणि खिडक्यांखाली, कोपऱ्यात, दाराच्या उंबऱ्याशी टोचत जायचं. टोचा अडला तर लाकूड चांगलं. सहज आत गेला, तर मागे ओल आहे. खोक्यात असे चार कोपरे निघाले. छपरावरून मात्र काहीच दिसत नव्हतं, कारण छपरातून शिरलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते चौकटीच्या लोखंडावरून घरंगळत जातं आणि भलत्याच ठिकाणी डोकं वर काढतं. 'ताई, डाग दिसतो तिथं भोक नसतंय,' हे मामांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

मग खरं भोक शोधायचं कसं? एकानं बाहेर पाण्याचा पाइप धरायचा, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी खालून वर न्यायचं. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड आणि सगळ्यात शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी चांगली दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच पाणी ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळतच नाही. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू! आतल्यानं 'आलं, आलं!' असं ओरडलं की खडूनं खूण करायची. आमच्या तीन खुणा झाल्या. एक छपरावरच्या हवेच्या झडपेच्या चौकटीशी, दुसरी मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आणि तिसरी दिव्याची वायर बाहेर नेण्यासाठी आधीच्या मालकानं पाडलेल्या भोकाशी. त्या भोकावर सिलिकॉनचा भलामोठा गोळा थापलेला होता.

या गोळ्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण गळतीवर आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय तोच आहे. बाथरूमसाठी मिळणारं सिलिकॉन आणायचं आणि जुन्यावर नवं थापायचं. अडचण अशी की बरं झालेल्या सिलिकॉनवर काहीही नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. त्यामुळे थर वाढत जातात आणि पाणी त्यांच्या मधून वाट काढतं. शिवाय सिलिकॉनवर रंगही बसत नाही. उपाय मेहनतीचा आहे. जुना थर प्लॅस्टिकच्या पात्यानं पूर्ण खरवडायचा, जागा स्पिरिटनं पुसायची, कोरडी होऊ द्यायची आणि मग पॉलियुरेथेनचं म्हणजे 'पीयू' सीलंट भरायचं. बस आणि ट्रकच्या बॉडीवाल्यांकडे हेच वापरतात. ते चिकटतं आणि सुकल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं. ट्रेलरला हे लागतंच, कारण घराच्या भिंती जागच्या जागी असतात आणि याच्या भिंती प्रत्येक खड्ड्यात हलतात. पौड रोडवरून रोज जाणाऱ्यांना खड्ड्यांबद्दल मी वेगळं काय सांगणार?

खिडकीचं काम वेगळं. तिथे कडेकडेनं सीलंट फिरवून भागत नाही. अख्खी चौकट स्क्रू काढून बाहेर घ्यावी लागते, मागे ब्यूटाइल टेप लावायची (काळी, च्युइंगगमसारखी, कधीही कडक न होणारी) आणि चौकट परत दाबून बसवायची. गंजलेले लोखंडी स्क्रू फेकून स्टेनलेस स्टीलचे लावायचे. एका खिडकीला आम्हाला अख्खा दिवस लागला. मधला दीड तास जेवणात गेला, हेही नोंदवते.

ओलं झाकू नका

गळती थांबली की लगेच नवं प्लाय ठोकायचा मोह होतो. थांबा! भिंतीच्या आत ओल असेल आणि ती तुम्ही बंद केलीत, तर आत बुरशीची शेती सुरू होते. खोक्याचे चारही कोपरे उघडे ठेवून मे महिन्याचं ऊन आत जाऊ दिलं, पंखा लावला आणि जवळजवळ दोन आठवडे कुणी हात लावला नाही. मुळशीत हे काम होळी ते मे याच काळात होऊ शकतं. एकदा जून लागला की कपडे वाळत नाहीत, तिथे प्लाय काय वाळणार?

नवं प्लाय घेताना दुकानदाराला 'वॉटरप्रूफ द्या' एवढंच सांगू नका. पाटीवरचा नंबर बघा. आयएस ३०३च्या 'एमआर' ग्रेडचं प्लाय नुसत्या दमटपणाला तोंड देतं. मरीन प्लायसाठी आयएस ७१० असा शिक्का असतो. ते महाग आणि वजनदार आहे, म्हणून सगळीकडे लावायची गरज नाही. जमीन, दाराचा उंबरा आणि खिडकीखालची पट्टी एवढ्या जागी ते हवंच. आतल्या भिंतीत ऊन अडवायला ग्लासवूल भरू नये, ते पाणी धरून ठेवतं. पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम चालतो.

जाता जाता, पुणेकरांना चाकांवरच्या घराचं कौतुक नवं असलं तरी त्याखालची गाडी चांगलीच ओळखीची आहे. १९५८मध्ये एन. के. फिरोदियांनी जर्मन कंपनीच्या साथीनं बजाज टेम्पो सुरू केली आणि 'टेम्पो' हे कंपनीचं नाव मराठीत सरळ वाहनाचं नाव होऊन बसलं. मग मॅटाडोर आली, १९८७मध्ये ट्रॅव्हलर आली. २००५मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आपण अजून 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतो. आज भारतात भाड्यानं मिळणाऱ्या कितीतरी मोटार-कॅरॅव्हॅन याच ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर उभ्या आहेत. आणि त्याही खूप आधी गाडीवर संसार आणि भाता लादून गावोगाव दुरुस्त्या करत फिरणारा घिसाडी समाज आपल्याकडे होता. त्यांच्या त्या जगण्याला 'व्हॅन लाइफ' म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

चाकं, हूक आणि डुलणारी शेपटी

ट्रेलर बराच काळ एका जागी उभा असला की टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि टायर मात्र म्हातारा झालेला असतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१७' म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. खोक्याच्या टायरांना बाजूनं बारीक चिरा होत्या, त्यामुळे जास्त चर्चा न करता दोन्ही बदलले. बेअरिंग उघडून, जुनं काळं ग्रीस पुसून नवं भरलं. चाकं लावल्यावर नट एकदा आवळून भागत नाही. साधारण पन्नास-शंभर किलोमीटर झाले की थांबून पुन्हा आवळायचे.

सामान कुठे ठेवायचं हा इंटिरियरचा प्रश्न वाटतो, पण आहे तो जिवाचा. मित्राला पाण्याची टाकी अगदी मागे हवी होती, कारण तिथे जागा मोकळी होती. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो झाले! ट्रेलरच्या मागच्या टोकाला वजन जास्त झालं की पुढचा हूक हलका होतो, आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे डुलायला लागतो. एकदा तो डुलायला लागला की ओढणाऱ्या गाडीलाही तो आपल्याबरोबर नाचवतो. साधारण अंदाज असा की एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. ताम्हिणीच्या उतारावर हे तपासण्यापेक्षा घरच्या वजनकाट्यावर तपासलेलं बरं. टाकी शेवटी चाकांच्या बरोबर वर, पलंगाखाली गेली.

१२ व्होल्ट म्हणजे खेळणं नव्हे

'बारा व्होल्टच तर आहे, शॉकसुद्धा बसत नाही,' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. शॉकचं खरं आहे, आगीचं नाही. गणित दहावीचंच आहे. ५०० वॉटचा मिक्सर घरी २३० व्होल्टवर सव्वादोन अँपियरच्या आसपास घेतो. तोच इनव्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला तर बॅटरीकडून चाळीस अँपियरच्या वर करंट ओढला जातो. घरात उरलेली बारीक वायर तिथे जोडली तर ती हीटर होते, आणि ती गेलेली असते प्लायच्या मागून! म्हणून बॅटरी ते इनव्हर्टर वायर जाड आणि आखूड हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, मिक्सरला नाही. (चटणी पाट्यावर वाटा. पाटा चाकांच्या वर ठेवा.)

खोक्यात १०० अँपियर-अवरची बॅटरी आहे. कागदावर ही १२०० वॉट-अवर. जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड असेल तर तिचं आयुष्य टिकवायला त्यातली साधारण निम्मीच वापरायची. २० वॉटचा पंखा आठ तास चालला तर १६० गेले, चार छोटे दिवे आणि मोबाइल धरून आणखी शंभरेक. म्हणजे दोन रात्री निघतात. सोलर पॅनेलवर फार भिस्त ठेवू नका. मे महिन्यात भरभरून देणारं पॅनेल जुलैतल्या मुळशीच्या ढगांखाली गप्प बसतं. मग शेतावरच्या मीटरवरून केबल ओढावी लागते. इथे मात्र 'स्वतः करून बघू' बंद! अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी लायसन्स असलेल्या वायरमनकडून बसवून घ्यायचा. ओल्या गवतात, लोखंडी खोक्याला हात लावून उभं असताना २३० व्होल्ट भेटायला नकोत.

जे भोक बुजवायचं नाही

एवढे रविवार भोकं बुजवण्यात गेल्यावर आमची सगळ्यांची नजरच तशी झाली होती. दिसली फट की भर सीलंट! मित्र जमिनीलगतच्या जाळीकडे वळला, तेव्हा मामांनी त्याच्या हातातून गनच काढून घेतली. ती जाळी गॅससाठी होती.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीवर साठतो. छपराची झडप उघडी असली तरी त्याला बाहेर पडायला वाट लागते ती खाली. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी, आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून बंद हवा. नळी आयएसआय मार्कची, जोड साबणाच्या फेसानं तपासलेले. काडीपेटीनं गळती शोधणारे वीर अजून आहेत, त्यांच्या ट्रेलरपासून लांब उभे राहा.

दुसरा वायू याहून वाईट. डिसेंबर २०२४मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी नंतर तपासणी केली तेव्हा समोर आलं की जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं त्याला धरून ठेवतं. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. जनरेटरच लागतो असंही नाही. थंडी वाजते म्हणून आत आणलेली कोळशाची शेगडी किंवा पाऊस आला म्हणून दारात ओढलेला बार्बेक्यू तेच काम करतो.

ही बातमी वाचल्यावर खोक्याच्या तळाची पाहणी पुन्हा झाली. वायर आणि पाइप जातात ती प्रत्येक जागा रबरी बुश घालून बंद केली. जनरेटर नकोच, असं ठरलं. जमिनीलगतची गॅसची जाळी आणि छपरावरची झडप, या दोनच वाटा मुद्दाम उघड्या ठेवल्या. पलंगाच्या उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागला. त्याची किंमत फेअरी लाइट्सच्या बजेटमधून गेली. मालकीणबाईंनी तक्रार केली नाही.

आरसी बुक उघडा

स्वतःच्या पैशानं घेतलेली वस्तू, मग हवं ते करू, असं नाही बरं का! कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याचीही नोंदणी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकानं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठामपणे सांगितलं. शेल्फ, गाद्या, दिवे, पडदे यांवर कुणी बोट ठेवत नाही. चौकट लांब करणं किंवा छप्पर उंच करणं हा प्रकार वेगळा. आणि जुनी मारुती व्हॅन कापून तिची कॅरॅव्हॅन करायची आयडिया असेल, तर मोटार-कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, हे आधी वाचा. वाहनांची तपासणी करणारी एआरएआय आपल्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिथे फक्त सूर्यास्त बघायला जायचं असतं असा आपला समज! सेकंडहॅण्ड घेताना तर आरसी, चासी नंबर आणि प्रत्यक्षातला सांगाडा जुळतो का, हे टोच्याच्याही आधी बघायचं. ते जुळत नसेल तर दुरुस्तीवर घातलेला रुपया इन्शुरन्सच्या क्लेमच्या वेळी कामी येत नाही.

उभं कुठे राहायचं?

राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्यात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. मुळशीला येणारे मात्र बहुतेक वेळा तलावाकाठची 'मोकळी' जागा शोधत असतात. ती जागा मोकळी दिसते, कुणाची नसते असं नाही. याच धरणासाठी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१मध्ये सत्याग्रह सुरू केला होता. तिथल्या जुन्या माणसांसमोर 'इथे कुणी राहत नाही ना?' असं विचारून बघा! कुणाच्याही शेतात परवानगी घ्या, भाडं द्या आणि टॉयलेटची पेटी पाण्यापासून लांब, शौचालयाच्या टाकीतच रिकामी करा. खोक्याची पेटी शेतघराच्या सेप्टिक टँकमध्ये जाते. पाळी लावलेली आहे. माझं नाव त्यात नाही, हे मी लेख सुरू करण्याआधीच स्पष्ट केलं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक रात्र सलग पाऊस झाला. सकाळी मित्राचा फोन. खडूच्या तिन्ही खुणा कोरड्या, पण खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळतायत! काच आतून बोटानं पुसून बघ म्हटलं. पुसली, आणि थोड्या वेळानं थेंब परत आले. आतल्या बाजूनंच. ती गळती नव्हती. रात्रभर दोन माणसांनी बंद खोक्यात सोडलेली वाफ होती, कारण पावसाच्या आवाजानं दोघांनी छपरावरची झडप गच्च लावून घेतली होती. आता तिच्यावर पत्र्याची छोटी टोपी बसवायची आहे, म्हणजे पाऊस असतानाही ती उघडी राहील. मामा रविवारी येतो म्हणालेत.